उतारवयातील सैनिक : हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.)

युद्ध लांबले की राज्यांना आपल्या निवृत्त सैनिकांची आठवण होते. शस्त्र खाली ठेवून शेतीवाडीत आणि नातवंडांत रमलेल्या माणसाला पुन्हा सैन्यात बोलावले जाते. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. ज्याचे गुडघे थकले आणि नजर मंदावली, त्याचा सैन्याला उपयोग काय? आणि ज्याने थोर सेनानींच्या सोबत उमर घालवली, तो आपल्या मुलाच्या वयाच्या सेनापतीची आज्ञा कोणत्या मनाने पाळणार? हे प्रश्न आजचे नाहीत. पहिल्या हिजरी शतकात एका वयोवृद्ध सहाबींनी आपल्या आचरणाने या दोहोंचे उत्तर दिले आहे. त्यांना बोलावणे धाडायला कोणी शिपाई दारात आला नव्हता. पवित्र कुरआनची एक आयत हेच त्यांनी स्वतःच्या नावाचे बोलावणे मानले होते. ते सहाबी म्हणजे हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.).

त्यांचे मूळ नाव खालिद बिन जैद. मदीनेतील खजरज या कबिल्याच्या बनू नज्जार शाखेत त्यांचा जन्म झाला. हिजरतच्या आधी हजच्या दिवसांत अकबाच्या घाटात रात्रीच्या वेळी मदीनेच्या 73 पुरुषांनी आणि 2 स्त्रियांनी अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या हाती प्रतिज्ञा घेतली, त्यांत हजरत अबू अय्यूब (रजि.) होते. आपल्या बायकामुलांचे रक्षण करतो तसेच प्रेषितांचे (स.) रक्षण करू, असे वचन अन्सारनी त्या रात्री दिले. या प्रतिज्ञेला मुदत नव्हती. अमुक वयानंतर ती संपेल असे त्या रात्री कोणी ठरवले नव्हते, ही गोष्ट पुढील सारे जीवन समजून घेताना ध्यानात ठेवावी.

इ.स. 622 मध्ये प्रेषित (स.) मदीनेत आले, तेव्हा प्रत्येक घराला त्यांच्या पाहुणचाराची आस होती. प्रेषितांनी (स.) निवड आपल्या सांडणीवर सोपवली, कारण ती अल्लाहच्या आज्ञेने चालत होती. सांडणी जेथे बसली, तेथून सर्वांत जवळचे घर हजरत अबू अय्यूब (रजि.) यांचे होते. मस्जिद आणि तिच्या लगतच्या खोल्या उभ्या राहीपर्यंत सुमारे 7 महिने प्रेषितांचा (स.) मुक्काम या घरी होता. भेटीस येणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रेषितांनी (स.) खालचा मजला पसंत केला. हजरत अबू अय्यूब आणि त्यांच्या पत्नी उम्मे अय्यूब (रजि.) वरच्या मजल्यावर राहिले खरे, पण प्रेषितांच्या (स.) डोक्यावर आपण चालतो या विचाराने दोघांना चैन पडेना. एके रात्री वर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली ठिबकेल या भीतीने पतिपत्नींनी आपल्यापाशी असलेली एकुलती एक गोधडी त्या पाण्यावर टाकली आणि सारे पाणी टिपून घेतले. पुढे त्यांनी मनधरणी करून प्रेषितांना (स.) वरच्या मजल्यावर नेले. आपले स्थान वर असू नये, ही या माणसाच्या स्वभावाची खूण होती. म्हातारपणी हाच स्वभाव एका कठीण परीक्षेला लागला.

हिजरतनंतर प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडले. त्यात हजरत अबू अय्यूब (रजि.) यांचे बंधू ठरले हजरत मुसअब बिन उमैर (रजि.). हिजरी सन 3 मध्ये उहुदच्या रणात मुसअब (रजि.) ध्वज हाती असतानाच शहीद झाले. हजरत अबू अय्यूब (रजि.) बद्र, उहुद, खंदक आणि त्यानंतरच्या प्रसंगांत प्रेषितांसोबत (स.) राहिले. खैबरहून परतताना प्रेषितांचा (स.) हजरत सफिया (रजि.) यांच्याशी विवाह झाला. त्यांचे आप्त नुकतेच युद्धात मारले गेले होते. त्यामुळे मनात शंका येऊन हजरत अबू अय्यूब (रजि.) कोणी न सांगता रात्रभर तलवार घेऊन तंबूभोवती पहारा देत राहिले. सकाळी प्रेषितांनी (स.) त्यांना पाहिले, कारण विचारले आणि अल्लाहने त्यांचे रक्षण करावे अशी दुआ दिली.

प्रेषितांच्या (स.) निधनानंतर एखाद्याने म्हटले असते की आपले काम झाले, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. प्रेषितांचे (स.) यजमान म्हणून मदीनेत त्यांना मोठा मान होता. हजरत अली (रजि.) यांच्या खिलाफतीत त्यांच्याकडे मदीनेचा कारभार सोपवला गेला होता. पुढे ते कर्जाच्या अडचणीत बसरा येथे गेले, तेव्हा हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांनी स्वतःचे घर त्यांच्यासाठी रिकामे करून दिले आणि कर्जाची सोय केली. कारण एकच होते. ज्याने प्रेषितांना (स.) आपले घर दिले होते, त्याला घर देणे हा इब्ने अब्बास (रजि.) यांना सन्मान वाटला. विसावा घेण्यासाठी माणसाला जे लागते ते सारे हजरत अबू अय्यूब (रजि.) यांच्यापाशी होते. शरीअतचीही सवलत होती. सूरह तौबामध्ये दुर्बल, आजारी आणि साधनहीन लोकांवर मोहिमेचे बंधन नाही, हे स्पष्ट सांगितले आहे.

परंतु त्याच सूरहच्या 41 व्या आयतीत श्रद्धावंतांना हलक्या वा जड, दोन्ही स्थितींत अल्लाहच्या मार्गात निघण्याचा आदेश आहे. हजरत अबू अय्यूब (रजि.) ही आयत स्वतःला लावून पाहत. माणूस हलका असेल किंवा जड असेल, तिसरी स्थिती नाही. मग आपण या आदेशातून सुटलो कसे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सवलत इतरांसाठी होती हे ते जाणत होते. स्वतःसाठी मात्र त्यांनी ती मागितली नाही.

तरीही एका वर्षी ते घरी राहिले. चरित्रग्रंथांत नोंद आहे की त्या वर्षी सैन्याचे नेतृत्व एका तरुणाकडे दिले गेले आणि हजरत अबू अय्यूब (रजि.) मोहिमेस गेले नाहीत. बद्र पाहिलेल्या माणसाने काल जन्मलेल्या पोराच्या मागे चालावे, हे मनाला रुचणे सोपे नाही. पण सैन्य निघून गेल्यावर त्यांना स्वतःचे मन दिसले. आपल्यावर कोण नेमला गेला याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे ते पुढे वारंवार खेदाने म्हणत. त्यानंतर ते कोणत्याही मोहिमेतून मागे राहिले नाहीत. त्यांच्या दीर्घ जीवनातील ही एकच गैरहजेरी आहे. त्यांनी ती लपवली नाही, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. थकलेल्या शरीराचा हा सैनिक सैन्यात करत काय होता?

रोमन साम्राज्याविरुद्धच्या एका मोहिमेत हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांचे पुत्र अब्दुर्रहमान हे सेनापती होते. शत्रूचे चार लोक पकडून आणले गेले आणि त्यांना बांधून बाण मारून ठार करण्यात आले. ही वार्ता हजरत अबू अय्यूब (रजि.) यांच्या कानी गेली. त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले की जिवाला असे बांधून मारण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, आणि आपण तर एका कोंबडीलाही अशा रीतीने मारणार नाही. सेनापती त्यांच्यापेक्षा वयाने लहान होता, विजयी होता आणि एका जगप्रसिद्ध सेनानीचा मुलगा होता. पण त्याने हदीस ऐकली आणि आपल्या चुकीची भरपाई म्हणून चार गुलामांना मुक्त केले.

दुसऱ्या एका सागरी मोहिमेत युद्धकैद्यांमध्ये एक स्त्री रडत होती. चौकशी केल्यावर समजले की तिचे मूल तिच्यापासून वेगळे करण्यात आले आहे. हजरत अबू अय्यूब (रजि.) यांनी मुलाचा हात धरला आणि त्याला नेऊन आईच्या हाती दिले. याचा जाब विचारला गेला, तेव्हा त्यांनी प्रेषितांची (स.) ताकीद सांगितली, की जो आई आणि तिच्या मुलाची ताटातूट करतो, त्याला कियामतच्या दिवशी अल्लाह त्याच्या प्रियजनांपासून दूर करील.

तिसरा प्रसंग कुस्तुंतुनिया, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या तटाजवळचा आहे. मुस्लिम सैन्यातील एक जण एकटाच रोमन फळीत घुसला. लोक ओरडू लागले की हा स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटत आहे. त्यांच्या मनात सूरह बकराची 195 वी आयत होती. हजरत अबू अय्यूब (रजि.) यांनी त्यांना थांबवून समजावले की ही आयत आम्हा अन्सारविषयी अवतरली होती. इस्लामला बळ आले, साहाय्यक वाढले, तेव्हा अन्सार आपसात हळूच बोलू लागले होते की आता घरी थांबावे आणि दुर्लक्षित राहिलेली शेते, बागा नीट कराव्यात. त्यावर आयत आली. विनाश म्हणजे कर्तव्य सोडून मालमत्तेच्या देखभालीत बसून राहणे होय. ही आयत अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याच्या आदेशाने सुरू होते आणि सदाचरणाच्या आदेशाने संपते, हे पाहिले म्हणजे त्यांचे स्पष्टीकरण मनास पटते.

या तिन्ही प्रसंगांत त्यांची तलवार म्यानातच आहे. तरुणांजवळ बळ होते, वेग होता, धाडस होते. युद्धाच्या आवेशात काय करू नये, याची आठवण मात्र त्या म्हाताऱ्याजवळ होती, कारण त्याने ती प्रेषितांच्या (स.) सहवासात मिळवली होती. तो घरी बसला असता तर त्या आईला तिचे मूल परत कोणी दिले असते? अनुभवी माणसाला परत बोलावण्याचे खरे कारण हे आहे. ज्ञान राखण्याची त्यांची ही तळमळ इतकी होती की उतारवयात केवळ एका हदीसची खात्री करण्यासाठी ते मदीनेहून मिसरला हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्याकडे गेले. श्रद्धावंताचा दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह कियामतच्या दिवशी झाकील, या आशयाची ती हदीस होती. ती ऐकून ते लगेच माघारी वळले.

त्यांची अखेरची मोहीमही कुस्तुंतुनियाचीच होती. मदीनेपासून हे शहर सरळ रेषेतही सुमारे 2000 किलोमीटर दूर आहे. अकबाच्या प्रतिज्ञेला तेव्हा जवळपास 50 वर्षे झाली होती. हजरत अली (रजि.) यांच्या बाजूने नहरवानच्या लढाईत उभे राहिलेले हजरत अबू अय्यूब (रजि.) आता हजरत मुआविया (रजि.) यांच्या राजवटीतील सैन्यात होते आणि सेनापती होता यजीद बिन मुआविया. हे नाव ऐकून वाचकाचे मन आक्रसते, हे मी जाणतो. करबलाची घटना त्या वेळी घडायची होती. पण सैन्यप्रमुख वयाने, अनुभवाने आणि मानाने त्यांच्यापेक्षा फार लहान होता, हे तेव्हाही उघड होते. एका वर्षाच्या गैरहजेरीने जो धडा दिला होता, तो आता उपयोगी पडला. ते गेले.

वेढ्याच्या काळात ते आजारी पडले. सेनापती भेटीस आला आणि काही इच्छा असल्यास सांगावी, असे त्याने विनवले. त्यांनी ना संपत्ती मागितली, ना मदीनेच्या मातीत दफन होण्याची सोय. आपला प्राण गेल्यावर देह घेऊन शत्रूच्या भूमीत जेथवर जाता येईल तेथवर जावे आणि तेथे दफन करावे, एवढेच त्यांनी सांगितले. ज्याने अल्लाहसोबत कोणालाही भागीदार न करता मरण पत्करले तो जन्नतमध्ये जाईल, ही प्रेषितांची (स.) शुभवार्ताही त्यांनी त्या शेवटच्या दिवसांत लोकांपर्यंत पोहोचवली. हिजरी सन 52 च्या सुमारास, म्हणजे इ.स. 672 च्या आसपास, त्यांचे निधन झाले. इच्छेप्रमाणे त्यांना शहराच्या तटाजवळ दफन करण्यात आले. ते शहर त्या वेळी जिंकले गेले नाही. सुमारे 8 शतकांनी, इ.स. 1453 मध्ये, सुलतान मुहम्मद फातेह यांनी ते जिंकले, आणि त्यानंतर त्यांच्या कबरीजवळ मस्जिद उभी राहिली. इस्तंबूलचा तो भाग आजही त्यांच्याच नावाने, एय्युपसुलतान म्हणून ओळखला जातो. त्यांच्याकडून सुमारे दीडशे हदीसी आपल्यापर्यंत आल्या आहेत.

हे चरित्र लिहिताना मला माझ्या मागच्या सफेतील वडीलधारी माणसे आठवतात. मी तिशीतला इमाम. माझ्या मागे माझ्या वडिलांच्या वयाचे, काही आजोबांच्या वयाचे लोक नमाजला उभे राहतात. मी रुकूत गेल्यावर ते रुकूत जातात. दुखणारे गुडघे टेकून सजदा करतात. मी आयत चुकलो तर मागून हळूच योग्य शब्द सांगणारा आवाज बहुधा त्यांच्यातलाच असतो. तो आवाज मला कधी अपमानाचा वाटला नाही आणि माझे वय त्यांना कधी आडवे आले नाही. हजरत अबू अय्यूब (रजि.) यांनी सैन्यात जे केले, ते हेच होते. तरुणाने पुढे उभे राहावे, वृद्धाने मागे उभे राहूनही चूक दुरुस्त करावी, आणि पुढच्याने ती ऐकावी.

आपल्या घरांत आणि जमातींत अशी अनेक माणसे आहेत, ज्यांना आम्ही आदराने एका कोपऱ्यात बसवले आहे. काहींनी स्वतःच तो कोपरा निवडला, कारण सूत्रे धाकट्यांच्या हाती गेली. तरुणांनी जाऊन त्यांना परत बोलवावे, आणि त्यांनी कोण नेमला गेला आहे हे न पाहता यावे.

अल्लाह हजरत अबू अय्यूब (रजि.) यांच्यावर आपल्या कृपेचा वर्षाव करो, आमच्या वडीलधाऱ्यांना आरोग्य आणि आम्हा तरुणांना ऐकण्याची बुद्धी देवो. आमीन.