७००सी की ६५०बी? ग्रॅव्हल बाइकच्या चाकाचा प्रश्न आणि एक जनावरांचे डॉक्टर

हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट सुटताना उंच चाकांची काळी २८ इंची सायकल अजूनही दिसते. आता अधूनमधून एखादी ग्रॅव्हल बाइकही दिसते, म्हणजे हँडल रोड बाइकसारखं वळलेलं, पण टायर मुरुमावरही चालतील इतके रुंद. ती घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो: चाक ७००सी की ६५०बी? उत्तरासाठी आधी जॉन बॉइड डनलॉप यांना भेटू. हवेच्या टायरच्या बैलगाडीला आपल्याकडे ‘डनलॉप’ म्हणतात ना, ते नाव यांचंच.

डनलॉप इंजिनिअर नव्हते. ५ फेब्रुवारी १८४० ला स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न इथे त्यांचा जन्म झाला. ते जनावरांचे डॉक्टर झाले आणि पुढे बेलफास्टमध्ये प्रॅक्टिस करू लागले.

तेव्हा टायर म्हणजे भरीव रबर. आधीच्या सायकलींना चेन नव्हती, पेडल थेट पुढच्या चाकाला. म्हणून वेग हवा तर चाक मोठं करायचं. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची चेनवाली रोव्हर आली आणि चाकं लहान झाली. पडायची भीती कमी झाली, पण लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं. हादरे वाढले.

डनलॉप यांच्या मुलाच्या तीनचाकीलाही हेच हादरे बसायचे. १८८७ मध्ये त्यांनी एका लाकडी चकतीवर पातळ रबराची नळी बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात दोन्ही चाकं ढकलून पाहिली. भरीव चाक मध्येच थांबलं. हवेचं चाक अंगण ओलांडून थेट फाटकावर आदळलं!

१८८८ मध्ये पेटंट मिळालं. १८८९ मध्ये विल्यम ह्यूम हा सायकलपटू हेच टायर लावून बेलफास्टमधल्या शर्यती जिंकला. पण लगेचच कळलं की रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. डनलॉप यांचं पेटंट टिकलं नाही. कंपनी मोठी झाली, ते मात्र त्यातून बाहेर पडले. २३ ऑक्टोबर १९२१ ला डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. नाव जगभर गेलं, मोठा पैसा दुसऱ्यांनी कमावला.

आता आपला प्रश्न. ७००सी रिमचा व्यास ६२२ मिमी, ६५०बीचा ५८४. ७००सीवर २८ मिमीचा टायर लावा किंवा ६५०बीवर ४७ मिमीचा, बाहेरचा व्यास दोन्हीकडे साधारण ६७८ मिमीच येतो! फरक फक्त आत किती हवा मावते याचा. लहान चाकाचे हादरे हवेने कसे जिरवायचे, हे डनलॉप यांनी दाखवलंच होतं.

मग घ्यायचं काय? आजच्या बऱ्याच फ्रेममध्ये ७००सीवरच ४५ मिमीचा टायर बसतो, म्हणून कल तिकडे आहे. उंची कमी असेल, फ्रेम लहान असेल तर ६५०बी सोयीचं.

आणि एक सांभाळा. ७००सीच्या टायरवरही कधी ‘२८’ छापलेलं असतं, पण काळ्या सायकलची रिम ६३५ मिमीची. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. दुकानात इंच सांगू नका, टायरच्या कडेवरचा ‘४०-६२२’ असा आकडा वाचा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. पैसे वाचतील.