उतारवयातील हास्यकार : सर्व्हांटिस

विनोदी लेखन हे तरुण, निश्चिंत आणि सुखवस्तू माणसाचे काम होय, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. स्पेन देशातील मिगेल द सर्व्हांटिस याचे चरित्र या समजाच्या अगदी उलट आहे. ज्या ग्रंथाने त्याचे नाव दिगंतात नेले तो ‘डॉन किहोते’ (आपल्या इंग्रजी शाळांतून ज्याचा उच्चार ‘क्विक्झोट’ असा शिकविला गेला तोच) १६०५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्त्याला त्या वेळी ५७ वर्षे पुरी झाली होती. डावा हात निकामी, पदरी कर्ज, आणि मागे तुरुंगवासाचा बट्टा, अशा अवस्थेत हा मनुष्य साऱ्या देशाला हसवावयास निघाला!

त्याचा जन्म १५४७ साली आल्काला द एनारेस या गावी झाला. वडील जखमा बांधणे, हाडे बसविणे असा शस्त्रवैद्याचा बेताचा व्यवसाय करीत. सावकारांचा ससेमिरा चुकवीत हे कुटुंब गावोगाव हिंडले. कर्जापायी वडिलांना काही काळ कैदही भोगावी लागली. पुढे मिगेल इटलीत गेला व सैन्यात शिरला. १५७१ च्या ऑक्टोबरात लेपांतो येथे तुर्की आरमाराशी जे प्रसिद्ध युद्ध झाले, त्या दिवशी तो तापाने फणफणला होता. तरीही हट्टाने लढावयास उभा राहिला. छातीत दोन गोळ्या लागल्या व तिसरीने डावा हात कायमचा अधू केला. या हाताचा त्याला आमरण अभिमान होता.

१५७५ साली मायदेशी परतत असता चाच्यांनी त्याचे गलबत धरले आणि त्याला भावासह अल्जिअर्सला गुलाम म्हणून नेले. त्याच्यापाशी सेनापतीचे शिफारसपत्र होते. ते पाहून हा कोणी बडा सरदार असावा असे धन्यास वाटले आणि खंडणीचा आकडा फुगला. शिफारसपत्रांचा असाही उपयोग होतो! पाच वर्षांत त्याने चार वेळा पळून जाण्याचा प्रयत्न केला, चारही वेळा तो पकडला गेला. १५८० साली ट्रिनिटेरियन पंथाच्या साधूंनी पाचशे सुवर्ण एस्कुदो भरून त्याला सोडविले, तेव्हा तो कॉन्स्टँटिनोपलकडे निघणाऱ्या जहाजावर चढविला गेलेला होता.

सुटकेनंतर वीरास पूजा मिळावी. याला मिळाली उपेक्षा. नाटके लिहिली, १५८५ साली ‘गालातेआ’ ही गोपजीवनावरील कथा छापली. पण पोट भरेना. अखेर १५८७ पासून इंग्लंडवर धाडावयाच्या आरमारासाठी अँडालुसियातील खेड्यांतून गहू व तेल गोळा करण्याची चाकरी त्याने पत्करली. देवस्थानाचे धान्य जप्त केले म्हणून धर्माधिकाऱ्यांनी त्याला बहिष्कृत केले. अमेरिकेतील वसाहतींत एखादी जागा द्यावी असा अर्ज त्याने १५९० मध्ये केला, तो नामंजूर झाला. मग करवसुलीचे काम आले. वसुलीची रक्कम त्याने सेव्हिलच्या एका पेढीवर ठेवली, आणि पेढीचे दिवाळे वाजले. सरकारी हिशेबाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्या वाचकांना पुढचे सांगावयास नकोच. १५९७ साली तो सेव्हिलच्या तुरुंगात होता. आपल्या ग्रंथाची कल्पना कारागृहातच उपजली, असे त्याने प्रस्तावनेत सूचित केले आहे.

ती कल्पना अशी : शौर्यकथा वाचवाचून डोके फिरलेला एक खेडवळ वृद्ध गृहस्थ गंजलेले चिलखत चढवितो, मरतुकड्या घोड्यावर स्वार होतो, आणि सांचो पांझा या व्यवहारी शेतकऱ्यास सेवक म्हणून बरोबर घेऊन जगाचा उद्धार करावयास निघतो. पवनचक्क्या त्याला राक्षस दिसतात. वाचक हसतो खरा, परंतु पन्नाशीला टेकलेल्या या वीराला पडलेला मार वाचताना लेपांतोचा सैनिक आठवल्यावाचून राहत नाही. स्वतः सर्व मार खाल्लेल्या माणसालाच असे निर्विष हसविता येते, असे मला वाटते. पंचविशीत हा ग्रंथ त्याच्या हातून उतरला नसता.

पुस्तकावर लोकांच्या उड्या पडल्या. त्याच वर्षी लिस्बनमध्ये चोरून आवृत्त्या निघाल्या. १६१२ मध्ये इंग्रजी व १६१४ मध्ये फ्रेंच भाषांतर झाले. पैसा मात्र मुख्यतः पुस्तकविक्रेत्याच्या पदरात पडला, कारण हक्क आधीच विकलेले होते. त्यातच १६०५ च्या जूनमध्ये त्याच्या दारापुढे एक इसम प्राणांतिक जखमी झाला आणि निष्कारण सर्व कुटुंबाला काही दिवस कोठडीची हवा खावी लागली. ग्रंथात चुकाही होत्या : सांचोचे गाढव चोरीस जाते आणि काही न सांगता पुन्हा हजर होते! सर्व्हांटिसने पुढे दुसऱ्या भागात या गाढवावरच थट्टा करून घेतली.

खरा घाला पडला तो १६१४ साली. दुसरा भाग लिहून होत आला असता आव्हेयानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कोणा लेखकाने स्वतःचाच ‘दुसरा भाग’ बाजारात आणला. वर प्रस्तावनेत सर्व्हांटिसच्या म्हातारपणाची व थोट्या हाताची टवाळी केली. हा लेखक कोण, हे आजवर निश्चित झालेले नाही. आयुष्याच्या संध्याकाळी लाभलेले एकुलते एक यश परक्याच्या हाती जाण्याची वेळ आली. सर्व्हांटिस उत्तरला तो लेखणीनेच. आपला हात मद्यपीठात नव्हे, रणांगणावर गेला, असे त्याने बजावले. तोतया ग्रंथातला नायक सारागोसाला गेला होता, म्हणून आपल्या नायकास त्याने बार्सिलोनाकडे वळविले. त्या ग्रंथातलेच एक पात्र उचलून, खरा डॉन किहोते हाच, असा जबाब गावच्या अधिकाऱ्यापुढे त्याच्याकडून लिहवून घेतला. आणि शेवटी नायकाला शहाणा करून मरण दिले, म्हणजे पुन्हा कोणी त्याला उठवू नये! हा दुसरा भाग १६१५ मध्ये निघाला. पहिल्यापेक्षा तो सरस आहे असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे, आणि माझेही तेच आहे.

त्या वेळी तो जलोदरासारख्या व्याधीने खंगला होता. १६१६ च्या एप्रिलमध्ये अंत्यसंस्काराचे तैल लावून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी त्याने ‘पेर्सिलेस’ या कथेची अर्पणपत्रिका लिहविली. तीतही विनोद सुटलेला नाही. २२ एप्रिल रोजी माद्रिद येथे त्याचे निधन झाले. ज्या पंथाच्या साधूंनी त्याला सोडविले, त्याच पंथाच्या मठात त्याला मूठमाती मिळाली. पुढे मठाची पुनर्रचना होऊन थडग्याची खूण हरपली. २०१५ मध्ये तेथील तळघरात अनेकांच्या मिसळलेल्या अस्थी मिळाल्या, व त्यांत त्याच्याही असाव्यात असे संशोधकांनी जाहीर केले. ‘पेर्सिलेस’ त्याच्या पत्नीने १६१७ साली प्रसिद्धीस दिले.