स्पर्शाविना साद देणारे यंत्र : लिऑन थेरेमिन यांचे जीवन



रुग्णालयात नळाखाली हात धरला की पाणी येते. मोठ्या दुकानाचे काचेचे दार आपण जवळ जाताच आपोआप सरकते. जिन्यात पाऊल टाकले की दिवा लागतो. २०२० साली कोरोनाची साथ आल्यावर लोक लिफ्टच्या बटणालाही बोट लावायला घाबरू लागले आणि अशा वस्तू अनेक ठिकाणी दिसू लागल्या. बटण दाबायचे नाही, तोटी फिरवायची नाही. नुसते जवळ जायचे. या सोयीला आज ‘टचलेस सेन्सर’ म्हणतात आणि पुष्कळांना ती अगदी नवी वाटते. परंतु हात न लावता विजेचे उपकरण चालविता येते, हे एका रशियन तरुणाने शंभर वर्षांपूर्वीच जगाला दाखविले होते. त्या तरुणाचे नाव लेव्ह सर्गेयेविच तेर्मेन. जग त्यांना लिऑन थेरेमिन या नावाने ओळखते. या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत.

थेरेमिन यांचा जन्म २७ ऑगस्ट १८९६ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींची आवड होती, एक वीज आणि दुसरे संगीत. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील मोठे वाद्य ते रीतसर शिकले आणि विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्र व खगोलशास्त्राचा अभ्यास केला. पुढे पहिले महायुद्ध आले, त्यामागून रशियाची क्रांती आली. या धामधुमीत त्यांनी सैन्यात रेडिओचे काम केले. युद्धानंतर प्रसिद्ध शास्त्रज्ञ अब्राम योफे यांनी त्यांना पेट्रोग्राड येथील आपल्या संस्थेत बोलावून घेतले.

तेथे त्यांच्याकडे वायूंचे विद्युत-गुणधर्म मोजण्याचे काम होते. यासाठी त्यांनी जे उपकरण बनविले, त्यातील बदल कानाने ऐकता यावा म्हणून त्याला ईअरफोन जोडला होता. १९२० साली त्यांच्या लक्षात आले की आपला हात उपकरणाजवळ नेला की आवाज चढतो आणि दूर नेला की उतरतो. दुसऱ्या एखाद्याने हा यंत्राचा दोष समजून हात लांब ठेवला असता. थेरेमिन यांनी मात्र हात पुढे-मागे करून सूर शोधण्यास सुरुवात केली. चेलो शिकलेला कान आणि भौतिकशास्त्र शिकलेले डोके एकाच माणसाजवळ होते, म्हणून ही गोष्ट घडली.

मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी यामागील विज्ञान थोडक्यात सांगतो. आपले शरीर विजेचे वाहक आहे. धातूच्या सळईजवळ हात नेला की सळई आणि हात मिळून एक बारीकसा कंडेन्सर तयार होतो. हात जितका जवळ, तितकी त्याची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, अधिक. थेरेमिन यांच्या वाद्यात दोन ऑसिलेटर असतात. समजा, पहिला सेकंदाला २,००,००० कंपने करतो आणि तो बदलत नाही. दुसरा सळईला जोडलेला आहे आणि हात जवळ येताच त्याची कंपने १,९९,५६० होतात. ही दोन्ही कंपने आपल्या कानाच्या मर्यादेपलीकडची आहेत. परंतु वाद्यात त्या दोहोंमधील फरक, म्हणजे ४४०, वेगळा काढला जातो आणि तो आपल्याला स्वर म्हणून ऐकू येतो. हात आणखी जवळ नेला की फरक वाढतो आणि स्वर चढतो. डाव्या बाजूस एक वळविलेली तार असते, तिच्याजवळ दुसरा हात नेऊन आवाज लहान-मोठा करतात.

या वाद्याला पट्टी नाही, पडदा नाही, तारही छेडायची नाही. आपल्याकडे संगीत शिकणाऱ्या मुलांना हे चटकन समजेल. हार्मोनियमची पट्टी दाबली की स्वर जागेवर मिळतो, पण तिच्यावर खरी मींड येत नाही. थेरेमिनवर सगळी मींडच मींड आहे. अवघड आहे ते एका स्वरावर स्थिर राहणे. बोट जरा हलले की सूर सुटला. त्यामुळे वादकाचा कान पक्का असल्याशिवाय हे वाद्य वाजतच नाही.

त्याच काळात थेरेमिन यांनी हाच गुण दुसऱ्याही कामाला लावला. हात जवळ आल्याने स्वर बदलतो, तर चोर जवळ आल्याने घंटा का वाजू नये? अशा विचाराने त्यांनी तिजोरी किंवा दाराजवळ कोणी येताच सूचना देणारा विजेचा पहारेकरी तयार केला. मार्च १९२२ मध्ये क्रेमलिन येथे त्यांनी लेनिन यांना या दोन्ही गोष्टी दाखविल्या. लेनिन यांनी स्वतः वाद्य वाजवून पाहिले. गावोगाव वीज नेण्याची योजना तेव्हा रशियात चालू होती. विजेचे नवल लोकांना दिसावे म्हणून थेरेमिन यांना देशभर प्रयोग करण्यास पाठविण्यात आले.

१९२७ साली ते युरोपात गेले. बर्लिन, पॅरिस, लंडन अशा शहरांतील सभागृहे लोकांनी भरून गेली. हवेत हात फिरविणारा माणूस आणि त्यातून निघणारे संगीत पाहून लोक थक्क झाले. वर्षाअखेरीस ते न्यूयॉर्कला पोहोचले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना अमेरिकेत या वाद्याचे पेटंट मिळाले. १९२९ साली आरसीए या मोठ्या कंपनीने हे वाद्य बाजारात आणले. परंतु त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. शिवाय वाद्य वाजविणे जाहिरातीत सांगितले तितके सोपे नव्हते. अंदाजे ५०० वाद्येच तयार झाली.

तरीही या वाद्याला एक थोर वादक लाभली. क्लारा रॉकमोर यांचा जन्म १९११ साली विल्नियस येथे झाला. लहानपणीच त्या व्हायोलिनमध्ये निपुण झाल्या होत्या, पण हाताच्या दुखण्यामुळे त्यांना व्हायोलिन सोडावे लागले. तारेवर जोर द्यायचा नाही असे वाद्य त्यांना थेरेमिन यांनी दिले, आणि क्लाराबाईंनी त्यावर अभिजात संगीत वाजवून ते नुसते जादूचे खेळणे नाही हे सिद्ध केले. त्यांच्या अठराव्या वाढदिवशी थेरेमिन यांनी असा केक तयार केला होता की कोणी जवळ येताच तो फिरू लागे आणि त्यावरील दिवा लागे. आजच्या सेन्सरच्या दिव्याचे हे पूर्वजच म्हणावे लागेल. पुढे त्यांनी नाचणाऱ्या माणसाच्या हालचालीतून स्वर काढणारा मंचही बनविला. लाव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी त्यांनी विवाह केला. त्या काळच्या अमेरिकेत असा विवाह समाजाला रुचणारा नव्हता आणि अनेक घरांची दारे त्यांना बंद झाली.

येथून या जीवनकथेला वेगळे वळण लागते. सप्टेंबर १९३८ मध्ये थेरेमिन जहाजाने रशियाला परत गेले. त्यांच्यावर कर्ज झाले होते आणि युरोपात युद्धाचे ढग जमत होते. पत्नी मागेच राहिली. त्या दोघांची पुन्हा कधीही भेट झाली नाही. त्यांचे निधन झाले असावे असेच अमेरिकेतील लोक पुढे समजत होते.

मायदेशी त्यांचे स्वागत झाले नाही. स्टालिन यांच्या राजवटीचा तो काळ होता. मार्च १९३९ मध्ये त्यांना अटक झाली आणि आठ वर्षांची शिक्षा झाली. अतिथंड कोलिमा प्रदेशात त्यांना पाठविण्यात आले. ज्या हातांनी हवेतून सूर काढले, त्यांच्या वाट्याला दगड वाहण्याचे काम आले. असे सांगतात की, तेथे त्यांनी ढकलगाड्यांसाठी लाकडी रूळ तयार केले आणि त्यांच्या तुकडीचे काम हलके झाले. काही काळाने सरकारला त्यांच्या बुद्धीची आठवण झाली. तेव्हा रशियात कैदी शास्त्रज्ञांकडून संशोधन करून घेणाऱ्या बंदिस्त प्रयोगशाळा होत्या. अशाच ठिकाणी थेरेमिन यांना ठेवण्यात आले. विमानांचे मोठे रचनाकार तुपोलेव्ह आणि पुढे रशियाच्या अंतराळ कार्यक्रमाचे प्रमुख झालेले कोरोल्योव्ह हेही तेव्हा असेच कैदी होते.

या बंदिवासात थेरेमिन यांनी जे यंत्र बनविले, त्याची गोष्ट मुलांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. ४ ऑगस्ट १९४५ रोजी मॉस्कोमध्ये रशियन शाळकरी मुलांच्या पथकाने अमेरिकेचे राजदूत हॅरिमन यांना एक भेट दिली. अमेरिकेचे राजचिन्ह कोरलेली ती सुंदर लाकडी ढाल होती. युद्धात दोन्ही देश एका बाजूने लढले होते, त्या मैत्रीची खूण म्हणून ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लावण्यात आली. त्या लाकडाच्या आत थेरेमिन यांचे यंत्र होते. त्यात बॅटरी नव्हती, बाहेर जाणारी तार नव्हती. पातळ पडद्याची एक लहान धातूची डबी आणि एक छोटी अँटेना, एवढेच. बाहेरून विशिष्ट रेडिओ लहर सोडली की ते जागे होई. खोलीत कोणी बोलले की पडदा थरथरे, पडदा आणि आतील धातूची चकती यांमधील अंतर बदले, त्याबरोबर धारिता बदले आणि बोलणे परतीच्या लहरीवर स्वार होऊन बाहेर पोहोचे. वाद्यात हाताच्या अंतराने जे होत होते, तेच येथे पडद्याच्या सूक्ष्म हालचालीने होत होते. सात वर्षे हे यंत्र कोणास सापडले नाही. १९५२ साली ते उघडकीस आले आणि १९६० साली अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सर्वांसमोर दाखविले.

आपण काय देत आहोत, हे भेट देणाऱ्या मुलांना समजण्याचा काही मार्ग नव्हता. मोठ्यांनी त्यांच्या निरागस चेहऱ्याचा उपयोग करून घेतला. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या कथेतील हा प्रसंग आम्हांस सर्वांत जास्त टोचतो. मुलांच्या हाती आपण काय देतो आणि त्यांच्या हातून काय करवून घेतो, याचा विचार शाळेने आणि घरानेही करावा.

अशाच ऐकण्याच्या यंत्रांवरील कामाबद्दल १९४७ साली थेरेमिन यांना स्टालिन पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्यांची सुटका झाली. त्यांनी नवा संसार थाटला, जुळ्या मुली झाल्या. परंतु १९६६ सालापर्यंत ते गुप्तचर खात्याचेच काम करीत राहिले. नंतर मॉस्कोच्या संगीत विद्यालयात त्यांना आपली वाद्ये पुन्हा बनविता आली. १९६७ साली अमेरिकेच्या एका वृत्तपत्रात ते जिवंत असल्याची बातमी छापून आली, आणि त्यानंतर वरिष्ठांनी त्यांना तेथून काढून वाद्ये मोडून टाकली. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने मॉस्को विद्यापीठात साध्या तंत्रज्ञाची नोकरी धरली आणि आपले काम चालू ठेवले.

इकडे अमेरिकेत मात्र त्यांचे बीज रुजले होते. रॉबर्ट मूग नावाचा तरुण १९५४ सालापासून थेरेमिन वाद्ये बनवून विकत होता. त्याच मूग यांनी १९६४ साली सिंथेसायझर तयार केला. १९९१ साली, ९५ वर्षांचे थेरेमिन ५३ वर्षांनी पुन्हा अमेरिकेस गेले आणि ८० वर्षांच्या क्लाराबाईंना भेटले. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.

आजचे सगळे सेन्सर थेरेमिन यांच्याच पद्धतीने चालतात असे नाही, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक नळांत अवरक्त किरण हातावर आपटून परत येतात. जिन्यातला दिवा शरीराची ऊब ओळखतो. मोबाईलच्या पडद्याला बोट लावावे लागते, पण तो बोट ओळखतो ते मात्र धारितेवरूनच. म्हणून जाड हातमोजा घातला की तो ऐकत नाही. टोलनाक्यावरील फास्टॅगमध्येही बॅटरी नसते. बाहेरून आलेल्या रेडिओ लहरीवर तो उत्तर देतो, म्हणजे त्या लाकडी ढालीतील यंत्राचाच तो दूरचा भाऊबंद.

साध्या बटणात धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, ठिणगी उडते, स्प्रिंग झिजते, ओल्या हाताला धक्का बसण्याची भीती असते. बिनस्पर्शाच्या सेन्सरमध्ये झिजणारे काही नाही आणि रोगजंतूही हातोहात जात नाहीत. पण सेन्सर सतत जागा ठेवण्यासाठी थोडी वीज खर्च होते, आणि कधी भलत्याच हालचालीने तो चालू होतो. शिवाय ज्यांना दिसत नाही ते लिफ्टच्या बटणावरील ब्रेल ठिपके चाचपून मजला ओळखतात. गुळगुळीत काचेसमोर ते काय करणार? म्हणून नवे बसविताना जुने सरसकट काढून टाकू नये, असे आम्हांस वाटते.

विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. ५५५ क्रमांकाची आयसी, एक एलडीआर, दोन-तीन रोधक व कंडेन्सर, छोटा स्पीकर आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन, हाताच्या सावलीवर स्वर बदलणारे वाद्य बनविता येते. ते धारितेवर नाही, प्रकाशावर चालते. पण हात न लावता सूर काढण्याचा आनंद तोच आहे. जोडणी करताना विज्ञानाच्या शिक्षकांची मदत घ्यावी.

सेन्सरला एवढेच कळते की कोणीतरी जवळ आले आहे. तो हात वादकाचा आहे की कान लावून बसलेल्या हेराचा, हे त्याला कळत नाही. थेरेमिन यांच्या एकाच शोधातून संगीतही निघाले, पहारेकरीही निघाला आणि चोरून ऐकणारा कानही. यांपैकी काय निवडायचे याचे स्वातंत्र्य बंदिवासात त्यांना मिळाले नाही. तुम्हांला ते आहे. ते जपा.

— प्राचार्य