आयक्यू टेस्ट मुळात कशासाठी बनली? आल्फ्रेड बिने यांच्या चाचणीची गोष्ट

आयक्यू म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हुशार मुलगा. पण जिच्यातून आयक्यू टेस्ट जन्माला आली, ती चाचणी हुशार मुलं निवडण्यासाठी तयार झालीच नव्हती. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून वेळेत मदत मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. ती तयार करणारे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणजे आल्फ्रेड बिने. त्यांनी नेमकं काय केलं आणि पुढे काय बिघडलं, ते पाहूया.

वकील व्हायचं सोडून मानसशास्त्रात

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस शहरात झाला. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण त्यांना ओढ होती मानसशास्त्राची. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पुस्तकं वाचून ते हा विषय बराचसा स्वतःच शिकले. पुढे सालपेत्रियेर रुग्णालयात त्यांनी संमोहनावर प्रयोग केले. त्या प्रयोगांवर सडकून टीका झाली आणि अखेर बिने यांनी चूक मान्य केली.

मुलांच्या अभ्यासाची सुरुवात घरातून झाली. मादलेन आणि आलिस या आपल्या दोन मुलींचं ते बारकाईने निरीक्षण करत. एकाच घरातल्या या बहिणी चालायलासुद्धा वेगवेगळ्या पद्धतीने शिकल्या होत्या.

डोक्याच्या आकारावरून बुद्धी कळते, असा त्या काळी समज होता. बिने यांनी शाळकरी मुलांची डोकी मोजून पाहिली. हुशार आणि कच्च्या मुलांमधला फरक नगण्य निघाला, म्हणून त्यांनी तो मार्ग सोडला.

१९०४ : प्रश्न काय होता?

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळी मुलं शाळेत आली, तशी काही मागेही पडू लागली. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग हवे होते. पण त्या वर्गात कोणाला पाठवायचं, हे ठरवायचं कसं? फक्त शिक्षकाच्या मतावर सोडलं, तर खोडकर किंवा अबोल मूलही तिथे जाण्याची भीती होती. १९०४ मध्ये सरकारने यासाठी आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते.

१९०५ मध्ये बिने आणि डॉक्टर तेओदोर सिमोन यांनी ३० प्रश्नांची चाचणी मांडली. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जात. सुरुवात पेटत्या काडीमागे नजर फिरते का, इथपासून. मग तीन आकडे पुन्हा म्हणणं, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक सांगणं वगैरे. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले. त्यामुळे ९ वर्षांचं मूल ६ वर्षांच्या पातळीवर आहे का, हे कळू लागलं.

पण केवळ गुणांवर निकाल लावायचा नव्हता. मूल अभ्यासात मागे आहे, तर ते शाळेत नियमित येत होतं का, हे आधी पाहायचं. नजरेत दोष आहे का, हेही तपासायचं. त्यासाठी शिक्षकांना वापरता येईल अशी नजर तपासण्याची सोपी पद्धतही बिने यांनी सुचवली.

चाचणीनंतर काय?

बिने यांच्या कामाचा खरा गाभा इथे आहे. पॅरिसमध्ये १९०७ पासून विशेष वर्ग सुरू झाले. या मुलांना थेट धडे देण्याआधी लक्ष देणं, स्थिर बसणं, लक्षात ठेवणं शिकवायला हवं, असं त्यांचं मत होतं. म्हणून खेळ आले. इशारा होताच पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहायचं. काठोकाठ भरलेलं भांडं पाणी न सांडता न्यायचं. काही सेकंद दाखवलेल्या वस्तू आठवून सांगायच्या. या सरावाला ते मनाचं ऑर्थोपेडिक्स म्हणत. बुद्धी सरावाने वाढू शकते, ही त्यामागची धारणा होती.

मग बिघडलं कुठे?

१८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी बिने यांचं निधन झालं. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ च्या आवृत्तीत त्या भागाकाराला १०० ने गुणलं. आयक्यूचा आकडा तयार झाला. टर्मन आणि हेन्री गोडार्ड यांच्या मते बुद्धी आनुवंशिक आणि जवळपास कायमची होती. परिणामी मदतीसाठी बनलेलं साधन माणसांची प्रतवारी करायला वापरलं गेलं. चाचणी जगभर गेली, पण पॅरिसच्या वर्गातले ते खेळ मागेच राहिले.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत टेस्ट या नावाने ती आजही ओळखली जाते.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

शाळेने मुलाची चाचणी करायला सांगितलं, तर घाबरण्याचं कारण नाही. आधी नजर आणि ऐकू येणं तपासून घ्या. रिपोर्ट हातात आला की फक्त आकडा पाहून थांबू नका. उद्यापासून वर्गात मुलाला वेगळं काय शिकवणार, कोण शिकवणार आणि प्रगती पुन्हा कधी तपासणार, हे शाळेला विचारा. याचं उत्तर मिळालं, तरच चाचणीचा उपयोग झाला.