शरण हरळय्या

बाराव्या शतकात, कलचुरी राजा बिज्जल याच्या अमदानीत, कल्याण नगरीत हरळय्या व त्यांची पत्नी कल्याणम्मा जोडे शिवून उदरनिर्वाह करीत. आमच्या सोलापूरचे श्रीसिद्धरामेश्वर ज्या शरण-मंडळात गेले, त्याच मंडळातील हे दांपत्य होय. एकदा हरळय्यांनी बसवेश्वरांस एकवार वंदन केले असता बसवेश्वरांनी उलट दोनदा केले. ते जादा वंदन हरळय्यांस ऋण वाटले. त्याच्या फेडीसाठी उभयतांनी स्वतःच्या मांड्यांचे कातडे काढून जोडे शिवले, असे परंपरा सांगते. बसवेश्वरांनी ते पायांत न घालता मस्तकी धरले.

पुढे हरळय्यांचे पुत्र शीलवंत व ब्राह्मणकुलातून आलेले शरण मधुवरस यांची कन्या लावण्यवती यांचा विवाह झाला. हाच अपराध ठरवून राजाने दोन्ही व्याह्यांस देहान्त शिक्षा दिली. इ. स. ११६७ च्या सुमारास कल्याणात प्रक्षोभ माजला व शरण देशोदेशी पांगले.

आज आमच्यापैकी कोणी ओलसर कातड्यावर ठसे ठोकून नक्षीदार पट्टा घडवील, कोणी रापी ठेवून लेखणी धरील. परंतु हातच्या कामाची लाज धरू नये, हा हरळय्यांच्या चरित्राचा बोध आम्ही मुलांस दिलाच पाहिजे.