कादंबरीकार हरि नारायण आपटे

मराठी कादंबरीचा विषय निघाला म्हणजे जें नांव प्रथम ओठांवर येतें तें हरि नारायण आपटे यांचें होय. आज त्यांच्या कादंबऱ्या जाड ग्रंथांच्या रूपानें वाचनालयांत दिसतात, आणि त्यांचा आकार पाहूनच पुष्कळ विद्यार्थी त्या पुन्हा कपाटांत ठेवून देतात. परंतु त्यांपैकीं बहुतेक कादंबऱ्या प्रथम ग्रंथरूपानें जन्मास आल्याच नव्हत्या. नियतकालिकाच्या अंकांतून एकेक प्रकरण याप्रमाणें त्या महाराष्ट्राच्या हातीं आल्या. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावी म्हणून हें अल्पचरित्र आम्ही येथें देत आहों.

हरिभाऊंचा जन्म ता. ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें या गांवीं झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या पालघर-बोईसरवरून जाणारा लोहमार्ग मुंबईस जाऊन पोंचला. टपाल आणि आगगाडी यांच्या योगानेंच पुढें गांवोगांवीं नियतकालिकें वेळेवर पोंचूं लागलीं. तेव्हां हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे नामांकित वकील होते. त्यांच्याच छत्राखालीं हरिभाऊ वाढले. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर व टिळक यांच्यासारखे गुरु त्यांस लाभले. इ. स. १८८२ मध्यें विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हां या अठरा वर्षांच्या शिष्यानें त्यांच्यावर विलापकाव्य रचिलें. वाचनाची गोडी अपार. परंतु गणिताशीं त्यांचें कधींच जमलें नाहीं, आणि पदवी न मिळवितांच त्यांना कॉलेज सोडावें लागलें. परीक्षेंत मागें पडलेल्या विद्यार्थ्यांनीं यावरून आळसास आधार शोधूं नये. हरिभाऊंचा उद्योग पुढें जन्मभर अखंड चालला, हेंच त्यांनीं पाहावें.

‘मधली स्थिति’ ही त्यांची पहिली कादंबरी इ. स. १८८५ मध्यें ‘पुणेंवैभव’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. पुढें इ. स. १८९० च्या आक्टोबरांत त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें. घरांतील लहानथोरांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, एकत्र बसून वाचावें आणि मनोरंजनाबरोबर चार विचार मनांत रुजावे, असा त्याचा हेतु होता. त्याच पत्रांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळांत प्रसिद्ध झाली.

यमू नांवाची मुलगी आपली कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते, अशी या कादंबरीची योजना आहे. तिचें बालपण, लग्न, सासरचा जाच, पतीनें तिला दिलेलें शिक्षण, मुंबईंतील थोडे सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य व सक्तीचें केशवपन, असा तो क्रम आहे. विधवाविवाहास संमति देणारा कायदा इ. स. १८५६ मध्येंच झाला होता. पण कायदा घराच्या उंबरठ्याबाहेर उभा राहतो. यमू मात्र आठवड्यामागून आठवडे वाचकांच्या माजघरांत येऊन बसली. ती संबंध पुस्तकांतून एकाच रात्रीं भेटती, तर वाचक रडून दुसऱ्या दिवशीं विसरतेही. अंकांमागून अंक ती त्यांच्या देखत वाढली, म्हणून तिचें दुःख हें घरच्याच मुलीचें दुःख झालें. हें प्रकरणशः वाचनाचें सामर्थ्य होय.

इंग्लंडांत डिकन्सनेंही आपल्या कादंबऱ्या अशाच क्रमशः लिहिल्या. या पद्धतीस दुसरी बाजूही आहे. अंक ठरल्या दिवशीं निघावयाचा, मग लेखकाचें मन स्वस्थ असो वा नसो. हरिभाऊंच्या ‘गणपतराव’, ‘कर्मयोग’ इत्यादि कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. शिवाय लेखन हा त्यांचा एकच व्यवसाय नव्हता. चुलत्यांनीं स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांनीं पाहिली, प्लेगच्या दिवसांत लोकांची सेवा केली, आणि पुणें नगरपालिकेचें अध्यक्षपदही भूषविलें. इ. स. १९१२ मध्यें अकोल्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. ता. ३ मार्च १९१९ रोजीं, वयाचीं पंचावन्न वर्षें पुरीं होण्यास पांच दिवस उरले असतां, त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ यांस मोठा मान आहे. ‘उषःकाला’त शिवरायांच्या उदयाबरोबरच आदिलशाहीशीं एकनिष्ठ पिता आणि स्वराज्याकडे ओढला गेलेला पुत्र यांचा झगडा आहे. इ. स. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या फौजेनें जिंकलेला तारापूरचा किल्ला ज्यांच्या नित्य दृष्टीस पडतो, त्या आमच्या विद्यार्थ्यांस दगडी तटांआड माणसांचीं मनें कशीं ओढलीं जात असतील, हें या ग्रंथावरून उमजेल.

आमची सूचना एवढीच कीं, हे ग्रंथ जसे प्रसिद्ध झाले तसेच ते वाचावे. आठवड्यास एक प्रकरण घ्यावें. रात्रीं जेवणें झाल्यावर मुलानें किंवा मुलीनें तें मोठ्यानें वाचावें, आईवडिलांनीं व आजीनें ऐकावें, आणि पुढें काय होईल याची चर्चा घरांत आठवडाभर चालूं द्यावी. जुनी भाषा प्रथम थोडी अडेल. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून ती आपलीशी होईल. वर्ष सरेल तेव्हां जाड ग्रंथाचें भय गेलेलें असेल, आणि यमूसारखी कोणी आपल्या शेजारींच मूकपणें सोशीत असल्यास तिच्याकडे लक्ष देण्याची बुद्धि मात्र मनांत राहिलेली असेल.