देवळालीचे मास्तर आणि त्यांची आकड्यांची रांगोळी

पनवेलजवळच्या करंजाड्याहून निघावे, दिव्याला गाडी बदलावी, की थोड्याच वेळात डोंबिवली येते. आज त्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या काळात याच स्टेशनावर एका तरुणाला आकड्यांची एक मालिका सुचली आणि स्टेशनाच्या नावावरून त्याने तिला 'डेम्लो संख्या' म्हटले. १, ११, १११ यांचे वर्ग करून पाहा. १, १२१, १२३२१ असे चढत जाऊन उतरणारे जिने दिसतील.

हा तरुण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्म. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. घरातल्या त्या आकडेमोडीतूनच मुलाला गणिताची गोडी लागली असावी. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक. पुढे मोठी पदवी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध घरातल्या पाचवीतल्या मुलालाही करून पाहता येईल. चार आकडी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचे जन्मसालच घेऊ : १९०५. पहिली वजाबाकी ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. यापुढे ६१७४ हलतच नाही. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले.

विद्वानांना मात्र हा पोरखेळ वाटला. शाळामास्तराला कोण विचारतो! बरेचसे लेखन साध्या मासिकांतून किंवा त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून आले. १९६६ साली पत्नी वारली, पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या धरल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला देवळाली ठाऊक झाली. १९८६ साली मास्तर गेले.

त्यांनी कागद-पेन्सिलीने जे केले, तेच १९८० साली बेन्वा मँडेलब्रॉट यांनी संगणकाकडून करून घेतले, असे म्हटले तर फार चूक ठरू नये. एक साधी क्रिया, तिच्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. कोणता बिंदू कितव्या खेपेला निसटतो यावरून रंग भरला, की कितीही जवळून पाहिले तरी न संपणारी ती नक्षी उमटते. तिला फ्रॅक्टल म्हणतात.

कापरेकरांची संख्याही अशी रंगवता येते. शंभर बाय शंभर चौकटी आखा. पहिले दोन अंक उभे, शेवटचे दोन आडवे. ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागल्या त्याप्रमाणे रंग. हे काही फ्रॅक्टल नव्हे, पण पडद्यावर गोधडीसारखे ठसे उमटतात आणि कर्णरेषेवर घडी घातली तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, कारण ४७१२ आणि १२४७ यांचे अंक तेच. त्या कर्णावर सारख्या अंतरावर दहा चौकटी तेवढ्या कोऱ्या राहतात : ००००, ११११, २२२२ पासून ९९९९ पर्यंत. तिथे पहिल्याच वजाबाकीत हाती शून्य येते.